ठाण्यातली वंशावळ शोधून देणारी सर्विस : साडेतीन स्टार, तेही बाईंमुळे

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. आमचं भांडण झालं, मग मिटलं, पण पूर्ण मिटलं नाही, कसं ते शेवटी कळेलच. ठाणे वेस्टला स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला. मुख्य धंदा कुलवृत्तांत आणि वंशवृक्षाच्या फ्रेमचा. म्हणजे आजोबांची पंच्याहत्तरी आली की सागवानी चौकटीत सोनेरी पानांचं झाड करून देतात ना, तेच. देशस्थ, कोकणस्थ, सीकेपी, सगळ्यांची झाडं भिंतीवर टांगलेली आहेत, त्र्यंबकच्या उपाध्यांकडच्या वह्यांमधून नावं काढून आणतात आणि ते काम झकास करतात असं बरेच जण सांगतात. आमची केस जरा वेगळी होती.

माझी सासरची मंडळी ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक), ठाण्यातलीच, घरात मराठीच बोलतात. सासूबाईंच्या घरात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलीय की आपला एक पूर्वज आयरिश सोल्जर होता आणि तो 'विलायतेला गेला तो आलाच नाही'. त्याचा फोटो नाही, कागद नाही. एक मेडल होतं म्हणे, ते कोणीतरी कधीतरी विकलं. सासूबाईंचं वय आता चौऱ्याहत्तर, त्यांच्या खापरपणजीचा हा बाप. त्यांना आयुष्यात एकदा कळायला हवं होतं की हा बाबा नेमका कोण आणि गेला कुठे. मी म्हटलं आई, बर्थडे गिफ्ट समजा, आणि जाऊन साडेचौदा हजाराचं गोल्ड पॅकेज घेतलं. सिल्व्हर साडेसहाचं होतं पण त्यात 'परदेशी रेकॉर्ड' नाही. आठ आठवडे सांगितले आणि लागले पाच महिने.

(मध्येच फॅमिली ग्रुपवर बायकोच्या मावसभावाने आयरिश पासपोर्टचं पिल्लू सोडलं. एका रात्रीत वीस जणांना डब्लिन दिसायला लागलं. बाबांनो, आयर्लंडमध्ये जन्मलेला आजोबा किंवा आजी असेल तर जमतं. खापरपणजीच्या बापावर काही मिळत नाही, विसरा.)

आता पहिला रिपोर्ट. दिसायला एक नंबर, गुळगुळीत कागद, हार्ड कव्हर, वर आडनावाचं फॅमिली क्रेस्ट, सिंह बिंह. त्या क्रेस्टचे वेगळे बाराशे लावले होते आणि मला न विचारता लावले होते. घरी येऊन जरा वाचलं तर कळलं की आयर्लंडमध्ये ती चिन्हं आडनावाला नसतातच, एकेका माणसाला दिलेली असतात, म्हणजे जोशी आडनावाच्या कोणीही उठून कुठल्याही जोशी सरदाराचा शिक्का आपला म्हणून लावावा तसं झालं. आमचा बाबा शेतमजूर म्हणून भरती झालेला, त्याला कुठला सिंह.

पण खरा घोळ आतल्या पानावर. तिथे लिहिलेलं, कै. अमुक अमुक, सार्जंट, कंपनी सरकारची फर्स्ट बॉम्बे युरोपियन फ्युजिलिअर्स, मृत्यू मुलतान, जानेवारी १८४९. आणि त्याच्याच खाली मुलगी, जन्म १८५१. मी दोनदा वाचलं, मग बायकोला दिलं, ती म्हणाली टायपिंग मिस्टेक असेल. टायपिंग मिस्टेक नव्हती. दुकानात गेलो तर काउंटरवरचा पोरगा (पोरगा चांगला आहे, कॉम्प्युटरवर हात भारी चालतो त्याचा) म्हणतो सर, ऑनलाइन ट्रीमध्ये तसंच आहे. अरे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी इंटरनेटवर ठोकून दिलेलं झाड तू उचललंस आणि माझ्या सासूबाईंच्या डोक्यावर लावलंस? मेल्यावर दोन वर्षांनी मुलगी झाली तरी हरकत नाही, फक्त फ्रेम चकचकीत पाहिजे. आवाज चढला, खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. मालकांनी चहा मागवला आणि म्हणाले, बाईंना दाखवतो.

या बाई म्हणजे रिटायर्ड शाळामास्तरीण, इंग्रजी आणि इतिहास शिकवायच्या, मंगळवारी आणि शनिवारी दुपारी येतात, बाकी दिवस नातवंडं. पुढची दोन पानं मी लिहितोय ती त्यांच्यासाठी. तुम्ही जर हे काम करायला देणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा, कागद कोण वाचणार, तो पोरगा की बाई.

बाईंनी रिपोर्ट उघडलाच नाही. म्हणाल्या, मुलीच्या लग्नाची नोंद काढ. बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला दर वर्षी लंडनला जायच्या, इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणारं लंडनचं खातं) कागदांत त्या 'एन थ्री' नावाच्या मालिकेत आहेत (बंगालची एन वन, मद्रासची एन टू) आणि आता त्यांचे स्कॅन ऑनलाइन बघता येतात. पोराने पान आणलंच होतं, पण त्यात 'टान्ना' लिहिलंय ते त्याने आडनाव समजून बाजूला ठेवलेलं. टान्ना म्हणजे आपलं ठाणं, इंग्रज तसंच लिहायचे. ठाण्यात बसून ठाणं ओळखता आलं नाही, काय बोलणार.

मग बाईंनी भिंग घेतलं आणि बापाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तिरक्या अक्षरात नाव, आणि पुढे 'लेट सार्जंट, फर्स्ट युरोपियन फ्युजिलिअर्स'. लग्न १८६९ चं. बाई पोराला म्हणाल्या, याचं मराठी कर. तो म्हणाला, कैलासवासी सार्जंट. बाई म्हणाल्या, कैलासवासी नाही रे, माजी. पलटणीच्या आधी लेट आला की बहुतेक वेळा माणूस मेला नसतो, त्याने पलटण सोडलेली असते.

झालं, त्या एका शब्दावर अख्खं झाड उभं होतं. बाप मेलेला आहे असं धरून पोराने त्याच नावाचा, त्याच पलटणीतला मेलेला माणूस शोधला आणि तो सापडला पण. सापडणारच. आमच्या बाबाचं आडनाव लिहीत नाही पण ते आयर्लंडमधल्या पहिल्या पाचातलं आहे, मर्फी, केली त्या पंक्तीतलं, आणि पाळण्यातलं नाव पॅट्रिक, जॉन यातलंच एक. कोल्हापूर जिल्ह्यातला पाटील शोधून द्या असं म्हणण्यासारखं. शिवाय कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश लोकांचा भरणा प्रचंड, एका पलटणीत एकाच नावाचे चार निघतात. बाईंचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय, नावामागे जाऊ नका, पलटणीमागे जा.

आणि पलटणीचंही सोपं नाही बरं का. तीच पलटण १८६२ मध्ये राणी सरकारच्या फौजेत गेल्यावर १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन. म्हणजे सर्चमध्ये जुनं नाव टाकलं तर एक निघतं, नवीन टाकलं की पहिल्या महायुद्धातली भलतीच माणसं येतात. आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलतात तसंच, रिक्षावाल्याला जुनंच सांगावं लागतं.

मग पुढच्या दोन शनिवारी बाईंनी जे काढलं ते असं. बाबा १८४० मध्ये अठराव्या वर्षी कंपनीत भरती, जिल्हा कॉर्क, धंदा मजुरी. मुलतानचा वेढा आणि गुजरातची लढाई (ती आपली गुजरात नव्हे, पंजाबातली) १८४८-४९ मध्ये केली, म्हणजे घरच्या गोष्टीतलं मेडल खरं होतं, पंजाब मेडल, दोन्ही लढायांच्या पट्ट्यांसकट. वेढ्यात मेला तो दुसरा, त्याच नावाचा. १८५७ नंतर कंपनीचं राज्य गेलं आणि गोऱ्या सोल्जरांना न विचारता राणीच्या फौजेत वर्ग केलं, ते बिथरले, नवीन भरतीचा बोनस द्या म्हणाले, सरकारने दिला नाही आणि दहा हजाराच्या आसपास लोकांनी १८५९-६० च्या सुमारास डिस्चार्ज घेतला. ही भानगड मला माहीतच नव्हती, शाळेत ५७ शिकलो पण गोऱ्यांनीही संप केला होता हे कोणी सांगितलं नाही. आमचा बाबा मात्र हुशार, थांबला, एकवीस वर्षं भरली आणि १८६१ मध्ये पेन्शन घेऊन बाहेर पडला. कंपनीच्या शिपायांचं पेन्शन लॉर्ड क्लाइव्ह फंडातून यायचं, हो तोच प्लासीवाला क्लाइव्ह, त्या फंडाची रजिस्टरं शाबूत आहेत. माणूस कुठे हरवला हे बघायचं तर पेन्शनचा माग काढा, हे बाईंचं दुसरं वाक्य. आपल्याकडेही माणूस घरच्यांना नाही सापडला तरी ट्रेझरीला सापडतो.

आणि पेन्शन निघालं कुठे तर पश्चिम ऑस्ट्रेलियात.

हे ऐकून मी दुकानातून सासूबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, विलायत म्हणजे विलायतच ना, कुठली का असेना.

भानगड अशी की १८५० ते १८६८ इंग्लंडमधून कैदी जहाजाने पश्चिम ऑस्ट्रेलियाला पाठवायचे, आणि जहाजावर पहाऱ्याला पेन्शनर सोल्जर ठेवायचे, एन्रोल्ड पेन्शनर फोर्स. प्रवास फुकट, बायकापोरं बरोबर नेता येत, तिकडे काही वर्षं पहारा दिला की जमिनीचा तुकडा. चाळिशीतल्या, गुडघे गेलेल्या माणसाला यापेक्षा काय पाहिजे. बरं मग आयर्लंडला का नाही राहिला, हे मी बाईंना विचारलं तर त्यांनी नुसता नकाशा फिरवला माझ्याकडे. बाबाचं गाव पश्चिम कॉर्कमध्ये, स्किबरीनच्या जवळ. बटाट्याच्या दुष्काळात, १८४५ ते १८५२, सगळ्यात वाईट हाल झाले त्या भागांपैकी एक. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ ला ८२ लाख होती ती १८५१ ला ६५ लाख, सुमारे दहा लाख मेले आणि तेवढेच किंवा जास्त देश सोडून गेले. हा मुलतानला लढत होता तेव्हा त्याच्या घरी हे चाललेलं. परत जाऊन कोणाला भेटणार होता तो.

मुलीला मात्र इथेच ठेवून गेला. का, ते कुठल्याच कागदात नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं व्यवस्थित आणि आईचं फक्त पहिलं नाव, आडनावच नाही. बाई म्हणाल्या, असं असेल तर बरेचदा आई इथलीच असते. सासूबाई ते पान हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या की सगळे गोऱ्या बाबाला शोधतायत, हिला कोण शोधणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं, दुकानाकडे तर पॅकेजच नाही तसलं.

आता आयर्लंडच्या बाजूचं काम, इथे मी स्टार कापणार होतो पण नाही कापले. रिपोर्टात तिकडचं पान जवळपास रिकामं बघून मी कुरकुर केली की साडेचौदा हजारात जनगणनेचा एक कागद नाही? मग कळलं की आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळजवळ नाहीच. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तरखाना उडाला, शतकांचे कागद जळून राखेचे कपटे शहरभर उडत होते. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक त्यात गेल्या, १८६१ आणि ७१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि १८८१, ९१ च्या पहिल्या महायुद्धात कागद कमी पडला म्हणून लगदा करून टाकल्या. पूर्ण अशा १९०१ आणि १९११ च्याच उरल्या, त्या फुकट बघता येतात. प्रोटेस्टंट चर्चची पण बरीच रजिस्टरं त्या आगीत गेली कारण ती सुरक्षित राहावीत म्हणून तिथे आणून ठेवलेली. कॅथलिकांची गावातल्या फादरकडेच पडून होती म्हणून वाचली. सासूबाईंनी हे ऐकून क्रॉस केला.

तर गावाचं नाव. भरतीच्या रजिस्टरात पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) म्हणून जे लिहिलंय ते पोराने 'रॉफ्स' असं वाचलं आणि दीड महिना रॉफ्स शोधत बसला, आयर्लंडमध्ये रॉफ्स नाहीच. बाईंनी भिंग न घेताच सांगितलं, जुन्या हातात दोन एस जवळ आले की पहिला एस लांब काढायचे, तो एफसारखा दिसतो. रॉस आहे ते. कॉर्कमधलं रॉसकार्बरी. मला स्वतःला ते पान दाखवलं त्यांनी, आणि खरं सांगतो, एकदा कळल्यावर सगळ्या पानभर ते लांब एस दिसायला लागले, 'मिस', 'पास', सगळीकडे ती कोयती.

रॉसची कॅथलिक रजिस्टरं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट टाकलीयत. तिथे त्या नावाची दोन पोरं निघाली, एका वर्षाच्या आत बाप्तिस्मा झालेली, वेगवेगळे आईबाप, वेगवेगळे टाउनलँड (टाउनलँड म्हणजे आपला पाडा समजा, त्यांच्याकडे असे साठ हजारांच्या वर आहेत). पोरगा म्हणाला सर, पहिला टाकून देऊ? बाईंनी त्या पानावर पेन्सिलने लिहिलं, 'दोघांपैकी एक, सिद्ध नाही', आणि ते तसंच रिपोर्टात छापलं. नवीन रिपोर्टात प्रत्येक पिढीपुढे पक्कं, बहुतेक किंवा अंदाज असं लिहिलेलं आहे. हे मला आवडलं, पैसे वसूल वाटले ते इथे. कारण बघा, साइट्स काय कोणीही बघेल. फॅमिलीसर्च फुकट आहे, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस फुकट आहे, सर्च मारून बघा आधी, आयरिशजीनिऑलॉजीवर पश्चिम कॉर्कचे बाप्तिस्मे फुकट, ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्हवर फुकट. पैसे लागतात ते लंडनच्या स्कॅनना, तेही एक महिना सबस्क्रिप्शन घेऊन भागतं. दुकानाने आपल्याला विकायचं ते 'हा नाही' असं सांगणारं डोकं, सिंहाचं चित्र नाही.

एक किस्सा राहिला. जानेवारी १८६८ ला फ्रीमँटलला शेवटचं कैदी जहाज आलं, हूगूमाँट, त्यात ६२ फिनियन होते, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आयरिश. आणि पहाऱ्यावर तिथे कोण, तर आमच्या बाबासारखे पेन्शनर, त्यातले कितीतरी आयरिशच. १८७६ च्या ईस्टर मंडेला त्यातले सहा जण कॅटल्पा नावाच्या अमेरिकन व्हेलिंग जहाजातून पळाले, पाठलागाला जॉर्जेट नावाची आगबोट निघाली, तोफ आणि पेन्शनर गार्ड घेऊन, तर कॅटल्पाच्या कॅप्टनने अमेरिकेचा झेंडा दाखवला आणि हे हात हलवत परत आले. बाबा तेव्हा चोपन्न वर्षांचा आणि फ्रीमँटललाच होता. सासूबाईंना वाटतं तो त्या बोटीवर होता आणि त्याने मुद्दाम नेम चुकवला. तोफेचा गोळा सोडला तो नुसता इशारा म्हणून जहाजापुढे, नेम धरलाच नव्हता आई, असं मी दोनदा सांगितलं. त्यांना फरक पडत नाही.

त्याच्या मृत्यूची नोंद १८८० च्या दशकातली, फ्रीमँटल. कबर बघायची सोय नाही, तिथलं स्किनर स्ट्रीटचं जुनं दफनस्थान बंद झालं आणि आता त्या जागेवर शाळा आहे. बायकोचा भाऊ पर्थला असतो, त्याला आम्ही शाळेच्या गेटचा फोटो काढायला सांगितलाय, त्याला अजून रविवार मिळत नाहीये.

बाकी बारीकसारीक. पार्किंग नाही, गाडी तलावपाळीला लावून चालत या. जिना अंधारा आहे, सासूबाईंना दोनदा थांबावं लागलं, बाईंनी स्वतः खाली उतरून हात दिला. पेमेंट यूपीआयने, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. जाताना घरात असेल ते सगळं न्या, जुनी प्रार्थनापुस्तकं पण, आमच्या खापरपणजीच्या लग्नाचं साल आजीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलने होतं आणि ते आम्ही तिसऱ्या महिन्यात दिलं, ही चूक आमची. आणि अपॉइंटमेंट मंगळवार किंवा शनिवारचीच घ्या, बाकी दिवशी मालक गोड बोलून फ्रेमचे नमुने दाखवत बसतात.

नवीन फ्रेम छान झालीय, सिंह काढला, 'कै.' काढलं, तिथे 'माजी सार्जंट' आलं. आणि त्याच्या शेजारी खापरपणजीच्या आईसाठी एक चौकोन सासूबाईंनी सांगून करून घेतला, नुसतं पहिलं नाव घालून. क्रेस्टचे बाराशे अजून परत आलेले नाहीत. पुढच्या शनिवारी देतो म्हणालेत, आले तर इथे एडिट करून चार स्टार करीन.